डेक्कन कॉलेज बघायला जाताना

सुरुवात पत्त्यापासून करू, कारण चूक तिथेच होते. पुण्यात नुसतं ‘डेक्कन’ म्हटलं की रिक्षा डेक्कन जिमखान्यावर जाऊन उभी राहते. डेक्कन कॉलेज त्या बाजूला नाहीच. ते येरवड्यात आहे, मुळा-मुठेच्या पलीकडच्या अंगाला. आमचे एक मामा साताऱ्याहून नातवाला घेऊन खास टिळकांची खोली दाखवायला आले होते. गरवारे पुलाजवळ उतरून ते अर्धा तास लोकांना विचारत फिरले, आणि येरवड्याला पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली होती. म्हणून रिक्षात बसताना ‘येरवड्याचं डेक्कन कॉलेज’ असं पूर्ण सांगा. मोबाइलवर शोधतानाही नावापुढे येरवडा टाका. मेट्रोने जात असाल तर जास्तच सावध राहा, कारण वनाज ते रामवाडी या एकाच मार्गावर डेक्कन जिमखाना स्टेशनही आहे आणि येरवडाही. तुम्हाला येरवड्याला उतरायचंय.

हे कॉलेज मी बऱ्याचदा पाहिलंय. कधी एकटा गेलो, कधी पाहुण्यांना घेऊन, तर दोनदा शाळेतल्या मुलांना घेऊन. दर वेळी एक गोष्ट जाणवली. लोक येतात, मनोऱ्याचा फोटो काढतात, टिळकांच्या खोलीला नमस्कार करतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. एवढ्या लांब येऊन वीस मिनिटं! इथे निदान अर्धा दिवस द्यायला हवा. तो कसा द्यायचा, तेवढ्यासाठी हा लेख.

निघण्याआधी

हे पर्यटनस्थळ नाही, चालू असलेली संस्था आहे. पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत कोशशास्त्र यांचं शिक्षण आणि संशोधन इथे रोज चालतं. त्यामुळे रविवार आणि सरकारी सुट्ट्या टाळा. कामाचा दिवस धरा आणि सकाळी लवकर पोचा, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी दोन-अडीच तास हातात राहतात. आदल्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या: संग्रहालयं उघडी आहेत ना, टिळकांची खोली दाखवतात का, आणि कोशाचा विभाग बघायला परवानगी कोणाची लागते. एकदा मी न विचारता गेलो होतो. त्या दिवशी सुट्टी होती. बरोबर दोन वयस्कर पाहुणे होते, त्यांना नुसती बाहेरून इमारत दाखवून परत न्यावं लागलं. पाच मिनिटांचा फोन केला असता तर ते टळलं असतं.

दहा-बारा जणांपेक्षा जास्त माणसं असतील तर आठ दिवस आधी लेखी पत्र द्या. पत्रात किती जण येणार, कोणत्या वयाचे आणि काय बघायचंय हे स्पष्ट लिहा. ‘कॅम्पस दाखवा’ एवढंच लिहिलंत तर समोरच्यालाही काय दाखवावं ते कळत नाही. ‘आठवीची तीस मुलं आहेत, इनामगावचं उत्खनन शिकवून झालंय, ती भांडी बघायची आहेत’ असं लिहिलंत, तर एखादा संशोधक विद्यार्थी आपणहून सोबत यायला तयार होण्याची शक्यता कितीतरी वाढते.

ओळखपत्र, पाण्याची बाटली, टोपी आणि वही-पेन्सिल जवळ असू द्या. आवार मोठं आहे आणि एका इमारतीतून दुसरीकडे पायीच जावं लागतं, म्हणून पायात सवयीचे बूट किंवा चपला असाव्यात. शक्य असेल तर पाऊस संपता संपता जा, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत. तेव्हा झाडं धुतलेली असतात, दगडाचा रंग गडद दिसतो आणि ऊन डोक्यावर येत नाही. एप्रिल-मे मात्र टाळाच. दुपारी हा काळा दगड इतका तापतो की त्याच्याकडे निवांत बघत उभं राहणं जमत नाही.

सुरुवात विश्रामबागवाड्यापासून करा

वेळ असेल तर थेट येरवड्याला जाऊ नका, आधी सदाशिव पेठेतला विश्रामबागवाडा बघा. ही शिफारस मी सगळ्यांना करतो, कारण या कॉलेजचा जन्म तिथला आहे.

दुसऱ्या बाजीरावाचं राज्य १८१८ साली गेलं. पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, आणि त्यासाठी मोठी रक्कम बाजूला काढलेली असायची. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला पुण्यातली विद्वान मंडळी दुखवायची नव्हती. त्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ सुरू झालं. वेद, व्याकरण, न्याय, ज्योतिष, वैद्यक असे विषय होते, आणि प्रवेश फक्त ब्राह्मणांना. पुढे इंग्रजी आणि मराठी आली, १८५१ मध्ये ते ‘पूना कॉलेज’ झालं आणि दारंही हळूहळू उघडत गेली. ती कशी उघडली हे समजून घ्यायला याच वाड्यातला आणखी एक दिवस लक्षात ठेवा. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांचा १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारतर्फे जाहीर सत्कार झाला, तो इथेच, शिक्षणाचं काम बघणारे इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते. ज्या वाड्यात एका जातीपुरतं कॉलेज सुरू झालं, तिथेच एकतीस वर्षांनी फुल्यांच्या खांद्यावर सरकारी शाल पडली. बघायला गेलात की दिवाणखान्यात क्षणभर थांबून हे आठवा.

वाड्यात एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या: लाकडाकडे. दर्शनी भागाचे कोरीव खांब, सज्जा, केळीच्या कमळासारखे घडवलेले खांबांचे माथे. १८७९ च्या आगीत वाड्याचं बरंच नुकसान झालं, तरीही जे उरलंय त्यावरून मराठी सुताराचा हात कळतो. हे चित्र डोळ्यांत साठवून येरवड्याला गेलात तर तिथला दगड वेगळा दिसतो.

वाड्यापासून मंडई मेट्रो स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथून जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरून गाडी बदलायची आणि रामवाडीच्या दिशेने येरवड्यापर्यंत जायचं. गाडी नदी ओलांडते तेव्हा खिडकीजवळ उभे राहा. स्टेशनबाहेर रिक्षा मिळते, आणि कॉलेजपर्यंत थोडाच वेळ लागतो.

फाटकापासून इमारतीपर्यंत

फाटकावर नोंद करा, कशासाठी आलात ते सांगा आणि इमारतीकडे चालायला लागा. घाई करू नका. मुख्य इमारत दिसली की तिच्याजवळ जाण्याआधी लांब, झाडाच्या सावलीत थांबा. लोक नेमकं उलट करतात, पायऱ्यांशी जाऊन मान वर करतात. तिथून फक्त भिंत दिसते, इमारत दिसत नाही.

लांबून आधी तिचा आराखडा ओळखा. चौकोनाच्या तीन बाजू बांधून चौथी मोकळी ठेवावी तशी ही रचना आहे. इमारत दुमजली, बाजूंना पसरलेले पंख, कोपऱ्यात उंच मनोरा, तीव्र उताराची छपरं आणि खाली टोकदार कमानींची रांग. ही गॉथिक शैली. युरोपात मध्ययुगात चर्च या पद्धतीने बांधली जायची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती पुन्हा उचलली आणि आपल्याकडे कॉलेजं, कोर्टं, स्टेशनं तिच्यात बांधली.

इमारतीचा आराखडा केला कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याने, तो रॉयल इंजिनिअर्समधला अधिकारी होता. १८६४ साली गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि १८६८ मध्ये कॉलेज शहरातून इथे आलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाची एक लाखाची देणगी या बांधकामाला मिळाली. नदीवरच्या ज्या बंधाऱ्यावरून ‘बंडगार्डन’ हे नाव पडलं, तो बंधाराही जीजीभॉयांच्याच पैशातून झाला. इथे येताना तुम्ही नदी ओलांडलीत, तेव्हा या दातृत्वाची एक खूण मागे टाकून आलात. शहरापासून इतक्या लांब, माळावर कॉलेज बांधलं याचं तेव्हाच्या पुणेकरांना आश्चर्य वाटलं असणार. मुलांनी वसतिगृहात राहावं, गावच्या गोंगाटापासून दूर राहून शिकावं, ही त्यामागची कल्पना होती. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत इथून जी माणसं बाहेर पडली, त्यांच्या घडणीत या एकांताचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आता पुढचं काम. मुलांबरोबर गेलात तर हे नक्की करा. वहीत इमारतीची नुसती बाहेरची रेघ काढायची. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. रेघ काढताना नजर आपोआप छपराचा उतार, मनोऱ्याची उंची, कमानींची संख्या यांवरून फिरते. दहा मिनिटं लागतात. माझ्या बरोबरच्या मुलांपैकी एका मुलीने रेघ काढता काढता विचारलं, ‘वरच्या मजल्याच्या खिडक्या खालच्यापेक्षा वेगळ्या का आहेत?’ फोटो काढणाऱ्या कोणाला हा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही.

दगडाजवळ जा

आता व्हरांड्यात चढा आणि भिंतीला हात लावा. हा आपला काळा दगड, बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार तयार झालं, त्यातला हा. भूगोलाच्या पुस्तकात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा मूळ स्वीडिश शब्द, अर्थ पायऱ्या. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात म्हणून तो पडला. म्हणजे शैली इंग्लंडची असली तरी दगड इथल्याच मातीखालचा, आणि तो घडवणारे पाथरवटही इथलेच.

त्यांचा हात बघायचा असेल तर डोळे दगडापासून वीतभर अंतरावर न्या. प्रत्येक चिऱ्याच्या चेहऱ्यावर टाकीचे घाव दिसतात, तिरपे, एकसारख्या अंतरावर. कडेला मात्र अंगठ्याएवढी पट्टी गुळगुळीत केलेली असते, म्हणजे शेजारचा चिरा घट्ट बसतो. मधल्या दरजेत चुना. बोटाने चाचपलंत तर काही ठिकाणी जुना चुना कडक आणि पिवळसर लागेल, तर जिथे नंतर दुरुस्ती झालीय तिथे सिमेंटचा करडा रंग दिसेल. तो फरक ओळखायला शिका. चुना श्वास घेतो. भिंतीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. सिमेंट ते अडवतं, आणि मग दगडाच्या कडा फुटायला लागतात. जुन्या इमारतींची दुरुस्ती चुन्यानेच करावी असा आग्रह जाणकार धरतात, तो यासाठी. एकदा हे डोळ्यांना कळलं की तुम्ही कुठल्याही किल्ल्याच्या, देवळाच्या, वाड्याच्या भिंतीजवळ तसेच थांबाल.

कमानीचंही तसंच. टोकदार कमान दिसायला सुंदर असते हे खरं, पण तिचं खरं काम ओझं वाटून देण्याचं. गोल कमान भार बाजूला ढकलते, टोकदार कमान तो जास्त सरळ खाली खांबात उतरवते. त्यामुळे खांब तुलनेने सडपातळ ठेवता येतात आणि मध्ये वाऱ्याला जागा राहते. व्हरांड्यात उभं राहून बघा, बाहेर ऊन असलं तरी आत गार लागतं. कमानींची रांग आणि मागची जाड दगडी भिंत, या दोहोंमध्ये सावलीचा एक पट्टा दिवसभर राहतो. गॉथिक शैली थंड देशातली खरी, पण इथे बांधताना तिला व्हरांडा जोडला आणि ती आपल्या हवेला जुळली.

मनोऱ्यात चढायला परवानगी मागत बसू नका, जुन्या जिन्यांवर उगाच भार नको.

टिळकांची खोली, आगरकरांचा सदरा

वसतिगृहातली टिळकांची खोली जपून ठेवली आहे, आणि बहुतेक लोक तिच्यासाठीच येतात. खोली छोटी आहे. आत जाऊन फार काही बघायचं नसतं, उंबऱ्याशी उभं राहून कल्पना करायची असते. इथला पहिला काळ टिळकांनी तब्येत कमावण्यात घालवला: आखाडा, पोहणं, भरपूर खाणं. पुढे कायद्याचा अभ्यास करताना त्यांची गाठ पडली गोपाळ गणेश आगरकरांशी. १८७९ च्या सुमाराला दोघं आवाराच्या मागच्या टेकडीकडे फिरायला जात आणि देशाचं काय करायचं यावर रात्र रात्र बोलत. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हा निश्चय तिथे झाला. त्यांच्याही आधी विष्णुशास्त्री चिपळूणकर याच कॉलेजात शिकून गेले होते. चिपळूणकर आणि टिळकांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं, आणि शिक्षण संपवून आगरकरही त्यांना येऊन मिळाले. त्यातून १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आज ज्याला आपण ‘पुण्याचं शिक्षण’ म्हणतो, त्याची एक मोठी फांदी या टेकडीवर फुटली.

आगरकरांची खोली दाखवत नाहीत, पण त्यांना विसरू नका. इतकी गरिबी, की अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा, सकाळी तोच घालून वर्गात जायचं. मुलांना मी टिळकांच्या खोलीपाशी नेतो आणि गोष्ट आगरकरांच्या सदऱ्याची सांगतो. पुढे दोघांची वाट वेगळी झाली, कडू शब्दही झाले. पण या आवारात ते मित्र होते, आणि इथे आल्यावर मला तरी तेच आठवतं.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर इथे संस्कृत शिकवत. कवी वर्ड्स्वर्थचा नातू विल्यम वर्ड्स्वर्थ इथे प्राचार्य होता. अशी नावं मोजायला लागलो तर संपणार नाहीत, तेव्हा पुढे चलू.

संग्रहालयात घाई करू नका

ब्रिटिश सरकारने १९३४ साली हे कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडलं. हे सांगायचं कारण असं की पुरातत्त्वाचा जो खजिना तुम्ही बघणार आहात, तो या दुसऱ्या जन्मातला आहे. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया इथे आले आणि महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या मागे हजारो वर्षं नेला. नेवासे, जोर्वे, इनामगाव ही नावं त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या उत्खननांनी शाळेच्या पुस्तकात आली. इरावती कर्वेही याच संस्थेत मानववंशशास्त्र शिकवत होत्या.

पुरातत्त्व संग्रहालयात शिरल्यावर माझा क्रम असा असतो. आधी दगडी हत्यारं. कपाटात हातकुऱ्हाड दिसली की तिच्यासमोर उभं राहून आपला तळवा उघडा आणि ती कशी धरली असेल याचा अंदाज घ्या. रुंद भाग तळव्यात, टोक पुढे. तिच्या दोन्ही बाजूंचे छिलके काढल्याचे खड्डे मोजा. बाहेरच्या भिंतीवर टाकीचे घाव बघून आलात ना, इथे लाखो वर्षांपूर्वीचा माणूस दगडावर दगड मारून तेच करतोय.

मग भांडी. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि तिथल्या मडक्यांना गावाचंच नाव मिळालं. ही भांडी ओळखायला सोपी: लालसर-नारिंगी अंग, वर काळ्या रंगात रेघा, चौकटी, तिरप्या जाळ्या. पोटापाशी धारदार कंगोरा आणि काही भांड्यांना लांब तोटी. इतकी पक्की भाजलेली की वाजवली तर धातूसारखा नाद येतो असं सांगतात (तुम्ही वाजवू नका). तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने तोटी जोडताना दाबलेला अंगठ्याचा ठसा काही तुकड्यांवर शोधा. सापडतो.

इनामगावला मात्र जास्त वेळ द्या, आणि जाण्याआधी थोडं वाचून जा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं या संस्थेचे लोक खणत होते. इसवी सन पूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं आख्खं गाव त्यांनी उलगडलं: जवाची शेती, पाण्यासाठी काढलेला पाट, गावप्रमुखाचं पाच खोल्यांचं घर. मेलेल्या लहान मुलांना ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली आढळली. का, यावर तज्ज्ञ वाद घालतात, पण मृताने घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन फिरू नये म्हणून, असा एक अर्थ लावतात. मला त्या दोन मडक्यांपुढे नेहमी गप्प व्हायला होतं. आपल्या अंगणाखाली मूल ठेवणारी आई तीन हजार वर्षं जुनी असली तरी परकी वाटत नाही. मुलांना घेऊन गेलात तर हे सांगावं की नाही असा प्रश्न पडतो. मी सांगतो, पण हळू आवाजात, आणि त्यांचे प्रश्न संपेपर्यंत तिथून हलत नाही.

मराठ्यांच्या इतिहासाचं संग्रहालय वेगळं आहे. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ मध्ये इथे आला. नाना फडणिसांचं मेणवलीचं दफ्तरही या संस्थेत आहे. मोडी येत असेल तर तुमचा आख्खा दिवस इथेच जाईल. येत नसेल तरी कागद जवळून बघा: हाताने केलेला जाड कागद, बोरूची शाई, शब्द न तोडता एका दमात चालत गेलेली ओळ.

एक कोटी चिठ्ठ्या

परवानगी मिळालीच तर संस्कृत कोशाचा विभाग चुकवू नका. लोकांना तो माहीतच नसतो. १९४८ साली भाषाशास्त्रज्ञ सुमित्र कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृतचा महाकोश करायला घेतला. ऋग्वेदापासून थेट अर्वाचीन काळापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले. पंडितांनी ते वाचले, आणि कुठला शब्द कुठल्या ग्रंथात कोणत्या अर्थाने आलाय ते एकेका चिठ्ठीवर हाताने लिहिलं. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, आणि त्यालाच पंचवीस वर्षं लागली. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. तीसहून जास्त खंड झाले, तरी अजून ‘अ’ हेच अक्षर चालू आहे.

तिथे एखादा खण उघडून दाखवला तर हात मागे बांधून बघा. पोस्टकार्डापेक्षा लहान कागद, दाटीवाटीने उभे लावलेले, कडा पिवळ्या. वर शब्द, खाली संदर्भ, प्रत्येक चिठ्ठीवर वेगळं वळण. लिहिणारे बरेचसे आज नाहीत. चिठ्ठी मात्र रोज कोणीतरी काढतो, वाचतो, संगणकावर चढवतो आणि जागेवर ठेवतो. इथे मोठ्याने बोलू नका आणि माणसं कामात असतील तर दारातूनच परत फिरा.

थोडं जपून

फोटो काढण्याआधी विचारा. बाहेरून काढायला सहसा कोणी अडवत नाही, पण संग्रहालयात आणि कोशविभागात विचारल्याशिवाय मोबाइल वर करू नका. वसतिगृहात आज मुलं-मुली राहतात. त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांसकट टिळकांच्या काळाचा फोटो काढायची हौस आवरा. झाडाखाली डबा खाल्लात तर कागद, साली परत न्या. भिंतीवर नाव कोरणाऱ्या मुलाला तिथल्या तिथे थांबवा. पाथरवटाचे घाव वाचायला शिकवलेल्या मुलाला हे वेगळं सांगावं लागत नाही, असा माझा अनुभव.

आजी-आजोबांना घेऊन जात असाल तर पायऱ्यांचा विचार आधी करा. संग्रहालय कुठल्या मजल्यावर आहे ते फोनवरच विचारा, आणि मध्ये बसायला अर्ध्या तासाची जागा ठेवा.

उरलेला दिवस

दुपारी दोन पर्यायांतला एक निवडा, दोन्ही नको. इमारतींची गोडी लागली असेल तर विल्किन्सचीच दुसरी कामं बघा. पुणे स्टेशनजवळचं ससून रुग्णालय आणि कॅम्पातलं ओहेल डेव्हिड हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. दोन्ही डेक्कन कॉलेजच्याच दशकातली, दोन्हीमागे डेव्हिड ससून यांचा पैसा. लाल देवळात शिरायला आधी परवानगी लागते, पण रस्त्यावरूनही विटांचा तांबडा रंग आणि उंच मनोरा मन भरून बघता येतो. सकाळचा काळा दगड आणि दुपारची लाल वीट, दोन्हीमागे एकाच माणसाचा आराखडा.

माणसांच्या गोष्टीत जास्त रमत असाल तर आगाखान पॅलेसला जा, रिक्षाने जवळ आहे. १८९२ चा हा राजवाडा. १९४२ च्या आंदोलनात गांधीजींना इथे कैदेत ठेवलं होतं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई इथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी वारले, आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत. संध्याकाळी तिथे गर्दी ओसरते. चपला काढून थोडा वेळ बसा, मग येरवडा स्टेशनवरून परतीची मेट्रो पकडा.